"तुमचा देव आमच्यावर काहून कोपला?"

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमचं घर नागपुरात नाग नदीच्या काठच्या वस्तीत आहे. गेल्या महिन्यात आमच्या अंगणात प्रार्थनासभा झाली, स्पीकर लावला होता. बाहेरगावाहून आलेल्या वक्त्यांनी २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराचं उदाहरण दिलं. तो पूर म्हणजे मूर्तिपूजेबद्दल या शहराला झालेली देवाची शिक्षा होती आणि आता देशाची पाळी आहे, असं सांगून त्यांनी २ इतिहास ७:१४ वाचलं: माझे लोक नम्र होऊन प्रार्थना करतील, तर मी त्यांचा देश बरा करीन. भिंतीपलीकडे राहणाऱ्या मावशींच्या घरात त्या पहाटे कंबरभर पाणी होतं. त्यांनी सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नळावर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, तुमचा देव आमच्यावर काहून कोपला?" मला उत्तर देता आलं नाही. येत्या २६ जानेवारीला देशासाठी एक तासाची प्रार्थना मला घ्यायची आहे. काय वाचू, काय मागू, आणि मावशींना काय सांगू?

ताई, ख्रिस्तात सलाम.

आधी मावशींकडे जा. २६ जानेवारीची तयारी दोन दिवस मागे पडली तरी चालेल, पण मावशींचा प्रश्न जितका पडून राहील तितका त्यांच्या मनात घट्ट बसेल. पवित्र शास्त्र हातात घेऊन जाऊ नका, आणि चर्चच्या मंडळीतल्या चार जणींना घेऊन तर मुळीच नको. एकट्या जा, संध्याकाळी त्यांचा स्वयंपाक आटोपल्यावर. बोलायचं ते तीन वाक्यांत बोला: "मावशी, त्या दिवशी आमच्या अंगणातून तुमच्या दुःखाबद्दल जे बोललं गेलं, ते चुकीचं होतं. माझ्या घरी बोललं गेलं, म्हणून मी माफी मागते. येशूला हाच प्रश्न लोकांनी विचारला होता, आणि त्यानं 'नाही' असं उत्तर दिलं." एवढं सांगून थांबा. त्यांनी पुढं विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर चहा घ्या आणि घरी या. माफीच्या शेपटीला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, बांधली की माफी खोटी वाटते, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

येशूचं ते उत्तर लूक १३:१-५ मध्ये आहे. तिथं दोन घटनांचा उल्लेख येतो. रोमी सुभेदार पिलातानं काही गालीलकरांना ते यज्ञ करत असतानाच मारलं, ही पहिली. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेली, ही दुसरी. एक सत्तेनं केलेला खून, दुसरा बांधकामाचा अपघात. दोन्ही वेळा येशू एकच विचारतो: मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हांला वाटतं का? आणि दोन्ही वेळा स्वतःच सांगतो: नाही. मात्र पुढच्याच श्वासात ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, पण तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. ही दोन वाक्यं वेगळी करू नका. दुसऱ्याच्या संकटाकडे बोट दाखवून "हे त्याच्या पापाचं फळ" म्हणायचा रस्ता येशू बंद करतो, आणि स्वतःच्या आयुष्याकडे बघायचा रस्ता उघडा ठेवतो. तुमच्या वक्त्यांनी नेमकं उलट केलं. त्यांनी मावशींच्या घरातलं पाणी पुरावा म्हणून वापरलं, आणि अंगणात बसलेल्या विश्वासणाऱ्यांना मोकळं सोडलं.

त्याच अध्यायात लगेच पुढं, वचन ६ ते ९ मध्ये, अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. झाड तीन वर्षं फळ देत नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, यंदाचं वर्ष राहू द्या, मी भोवताली खणतो, खत घालतो. फळ आलं तर ठीक, नाहीतर मग तोडा. न्यायाची तारीख ठरली आहे, ती पुढं ढकलायची विनंती होते, आणि विनंती करणारा स्वतः कुदळ घेऊन मुळाशी उतरतो. न्याय आणि दया यांचं नातं सांगायला नव्या करारात याच्याइतकी जवळची जागा मला दिसत नाही. माळी झाडाची बाजू घेतो, पण झाडाला फळ आहे असं खोटं सांगत नाही.

हा वाद फक्त आपल्या मंडळ्यांतला आहे असंही समजू नका. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं म्हटलं. रवींद्रनाथ टागोरांनी याला जाहीर विरोध केला: निसर्गातल्या घटनांची कारणं निसर्गात असतात, त्यांना नैतिक शिक्षा म्हणणं लोकांच्या अंधश्रद्धेला खतपाणी घालतं. गांधीजींनी तो विरोध आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात छापला आणि स्वतःचं उत्तरही दिलं. गांधीजी निदान आपल्याच समाजाच्या पापाबद्दल बोलत होते, शेजाऱ्याच्या नाही. तरीही ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत अस्पृश्यही होतेच, आणि ही अडचण त्या विधानाला सुटत नाही. नागपूरच्या पुराचंही तसंच. अंबाझरीचा तलाव भरून वाहिला, पाणी नाग नदीच्या काठानं जिथं उतार मिळाला तिथं शिरलं. ते देवळात जाणाऱ्याच्या घरात शिरलं, विहारात जाणाऱ्याच्या घरात शिरलं आणि चर्चला जाणाऱ्याच्याही. नदीचं पात्र, सांडवा, नाल्यावरची बांधकामं, हे प्रश्न महापालिकेला विचारायचे आहेत, आणि ते विचारणं हे विश्वासणाऱ्याचंही काम आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग देव राष्ट्रांचा न्याय करतच नाही का? करतो. पवित्र शास्त्र हे इतक्या वेळा आणि इतक्या स्पष्टपणे सांगतं, की ते पुसून टाकलं तर पुस्तकातली निम्मी संदेष्ट्यांची पानं कोरी होतील. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडू नका. वक्त्यांचा राग आला म्हणून "आमचा देव फक्त प्रेम आहे, तो कुणाचा न्याय करत नाही" असं मावशींना सांगायला जाल, तर तेही खोटं ठरेल. आणि ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याला ती काही चांगली बातमी नाही. आपल्याकडे "न्यायनिवाडा" म्हटलं की शिक्षाच डोळ्यांपुढं येते. पण ज्याचा जमिनीचा दावा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं पडून आहे, त्याला विचारा "निकाल लागणार" या शब्दांचा अर्थ. जुन्या करारात 'शास्ते' नावाचं पुस्तक आहे. हे शास्ते म्हणजे मूळ भाषेत न्यायाधीशच, आणि त्यांचं मुख्य काम लोकांना जुलमातून सोडवणं हे होतं. स्तोत्र ९६ मध्ये परमेश्वर पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून रानातली झाडं आनंदानं गातात. भीतीनं नव्हे.

राष्ट्रांवरचे आरोप कोणते असतात ते पाहायचं असेल तर आमोस संदेष्ट्याचं पुस्तक १:३ पासून २:१६ पर्यंत एका बैठकीत वाचा. २९ वचनं आहेत. आठ राष्ट्रांची नावं क्रमानं येतात. दिमिष्क: इस्राएलाच्या गिलाद प्रांताला लोखंडी मळणीयंत्रांनी मळलं. गज्जा: आख्ख्या वस्त्या कैद करून अदोमाला विकल्या. सोर: तेच केलं, आणि भाऊपणाचा करार विसरला. अदोम: तलवार घेऊन भावाचा पाठलाग केला. अम्मोन: सरहद्द वाढवण्यासाठी गरोदर बायकांची पोटं फाडली. मवाब: अदोमाच्या राजाची हाडं जाळून चुना केला. या सहा परक्या राष्ट्रांवर आमोस मूर्तिपूजेचा आरोप ठेवत नाही. सगळे आरोप माणसानं माणसाशी केलेल्या क्रौर्याचे आहेत. मवाबाचा गुन्हा तर इस्राएलाविरुद्ध नव्हताच. एका परक्या राजाच्या प्रेताची विटंबना दुसऱ्या परक्या राजानं केली, आणि त्याचीही नोंद देवाच्या वहीत आहे. यशया आणि यिर्मया हे संदेष्टे बाबेलच्या मूर्तींवर कडक बोलतात, हे मान्य करायलाच हवं. पण तिथंही मूर्तींसोबत येतो तो बाबेलचा गर्व आणि त्यानं सांडलेलं रक्त.

आमोस ऐकणारे इस्राएली लोक सहा राष्ट्रांपर्यंत माना डोलावत असणार. मग सातवं नाव येतं यहूदा, आणि आठवं इस्राएल. परमेश्वराचं नियमशास्त्र टाकून दिल्याचा आणि खोट्या दैवतांमागं गेल्याचा दोष ठेवला जातो तो इथं, यहूदावर, ज्याच्याजवळ ते नियमशास्त्र होतं. इस्राएलावरचा आरोप असा की तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला एका जोड्यासाठी विकलं. मंदिरं भरलेली होती, अर्पणं चालू होती, आणि चपलेच्या किमतीला माणूस विकला जात होता. आमोस ३:२ मध्ये देव म्हणतो, पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी तुम्हांलाच ओळखलं, म्हणून तुमच्याकडूनच हिशेब घेईन. जवळीक असली की सूट मिळेल असं वाटतं. इथं जवळीक असली की जाब आधी द्यावा लागतो. १ पेत्र ४:१७ हेच नव्या कराराच्या भाषेत सांगतं: न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासून होते. तुमच्या सभेत ही सुरुवात शेजारच्या घरापासून झाली, आणि चूक तिथंच झाली.

देव राष्ट्रांशी कसा वागतो याचा नियम एका ठिकाणी सरळ लिहिला आहे: यिर्मया १८:७-१०. देव म्हणतो, मी एखाद्या राष्ट्राला उपटून टाकीन असं बोललो आणि ते राष्ट्र आपल्या दुष्टाईपासून फिरलं, तर जे करणार होतो ते मी करणार नाही. आणि एखाद्या राष्ट्राला बांधीन, लावीन असं बोललो आणि त्यानं माझ्या दृष्टीनं वाईट केलं, तर जे भलं करणार होतो त्याबद्दलही माझं मन बदलेल. नियम दोन्ही बाजूंनी चालतो. धमकी शेवटची नाही आणि आशीर्वादाचा ठेकाही कुणाकडे नाही. हे शब्द कुंभाराच्या घरात बोलले गेले. चाकावरचं भांडं हातातच बिघडलं, कुंभारानं त्याच मातीचं दुसरं भांडं घडवलं. माती ओली होती म्हणून ते जमलं. आता पान उलटा. अध्याय १९ मध्ये यिर्मया कुंभाराकडूनच एक मडकं विकत घेतो, पण हे भाजलेलं आहे. हिन्नोमच्या खोऱ्यात वडीलधाऱ्यांसमोर तो ते फोडतो आणि सांगतो, हे जसं पुन्हा सांधता येत नाही तसं होईल. माती तीच असते, पण भट्टीत जाऊन आलेली माती पुन्हा चाकावर चढत नाही. दया खरी आहे आणि तिची वेळही खरी आहे. दोन्ही अध्याय सोबत वाचले नाहीत तर माणूस एकतर निर्धास्त होतो किंवा हताश.

अश्शूरचं मोठं शहर निनवे, त्याचं तेच झालं. योना नावाच्या संदेष्ट्याला देवानं तिथं पाठवलं. योना ३:४ मधला त्याचा संदेश मूळ हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचा आहे: चाळीस दिवस, मग निनवे उलथेल. तिथं वापरलेलं क्रियापद पापामुळं नाश झालेल्या सदोम शहरासाठीही येतं, पण त्याचा अर्थ "पालटणं" असाही होतो. आणि निनवे खरंच पालटलं. राजानं गोणताट, म्हणजे शोकाचं जाडंभरडं कापड, नेसलं, राखेत बसला, जनावरांनासुद्धा उपास घडवला. पण त्याच्या हुकमातला मुद्द्याचा भाग वचन ८ मध्ये आहे: प्रत्येकानं आपल्या हातचा जुलूम सोडावा. गोणताट हे बाहेरचं, जुलूम सोडणं हे आतलं. देवानं वचन १० मध्ये त्यांचं गोणताट पाहिलं असं लिहिलेलं नाही, ते वाईट मार्गावरून फिरले हे पाहिलं असं लिहिलं आहे. तेच निनवे पुढं पुन्हा रक्तपाती झालं. नहूमाचं छोटं पुस्तक त्याबद्दलच आहे, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी सैन्यांनी ते शहर पाडलं. आजोबांच्या पश्चात्तापावर नातवंडांना जगता येत नाही.

योनाचा शेवटचा अध्याय तुमच्या वक्त्यांना कुणीतरी प्रेमानं वाचून दाखवायला हवा. शहर वाचलं म्हणून योना चिडतो. ४:२ मध्ये तो कबूलच करतो की तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तार्शीशकडे पळालो. मग शहराच्या पूर्वेला मांडव घालून बसतो, काय होतं ते बघायला. सावलीसाठी उगवलेला वेल किड्यानं खाल्ल्यावर मात्र त्याला मरावंसं वाटतं. देवाचा प्रश्न असा: एका रात्रीत उगवलेल्या वेलाची तुला कीव येते, मग उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं जिथं आहेत, आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्या शहराची मला कीव येऊ नये? पुस्तक याच प्रश्नावर संपतं. देव शत्रूच्या शहरातली माणसं मोजतो आणि गुरंही विसरत नाही. मांडवात बसून पुराची वाट पाहणारा माणूस खरा संदेष्टा असू शकतो, योना होताच. पण त्याचं मन देवाच्या मनासारखं नव्हतं, एवढं ते पुस्तक स्पष्ट सांगतं.

आता २ इतिहास ७:१४. हे वचन देशासाठीच्या प्रार्थनेच्या प्रत्येक बॅनरवर असतं, म्हणून त्यावर थोडं थांबते. शलमोन राजानं यरुशलेमच्या मंदिराचं समर्पण केलं, त्यानंतर रात्री परमेश्वरानं त्याला दर्शन देऊन हे सांगितलं. आधीच्या वचनात अवर्षण, टोळ आणि मरी यांचा उल्लेख आहे. "माझ्या नावानं ओळखले जाणारे माझे लोक" म्हणजे इस्राएल, आणि "त्यांचा देश" म्हणजे करारात दिलेला तो प्रदेश. भारताशी देवानं असा करार केल्याचं कुठंही लिहिलेलं नाही, कुठल्याही आधुनिक देशाशी नाही. तेव्हा "आपण प्रार्थना केली की भारत बरा होईल" ही हमी या वचनातून काढता येत नाही. आज ते कुणाला लागू करायचंच झालं तर मंडळीला करा, आणि मग त्यातली चार कामंही मंडळीलाच करावी लागतील: नम्र होणं, प्रार्थना करणं, देवाचं मुख शोधणं, आपल्या दुष्ट मार्गांपासून फिरणं. "त्यांच्या" दुष्ट मार्गांपासून नव्हे. हे वचन वाचून शेजाऱ्याचं पाप मोजायला बसणं म्हणजे औषधाची बाटली दुसऱ्याच्या तोंडाला लावून स्वतः बरं व्हायची वाट पाहणं.

या विषयावर सगळ्या मंडळ्यांचं एकमत नाही, हे तुमच्या गटात लगेच दिसेल. या शहरात २९ नोव्हेंबर १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. तुमच्या प्रार्थनेला त्या परंपरेतले असतील, सदर भागातल्या कॅथलिक कुटुंबांतले असतील, पेंटेकॉस्टल असतील. आजच्या इतिहासातली अमुक घटना हा देवाचा न्याय आहे असं कुणाला सांगता येतं का, यावर ते वेगवेगळं बोलतील. पण जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला ख्रिस्त येणार आहे, हे सगळे विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, एकाच तोंडानं म्हणतात. आणि मत्तय २५:३१-४६ मध्ये सगळी राष्ट्रं त्याच्यासमोर जमतात तेव्हा सहा गोष्टी विचारल्या जातात: भुकेलेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. पूर उतरल्यावर कुणाच्या दाराशी कोण गेलं, हा प्रश्न या यादीत बसतो.

हा न्यायाधीश कोण आहे तेही विसरू नका. लूक १९:४१ मध्ये यरुशलेम दिसताच तो रडतो. त्या शहरावर काय येणार हे तो तेव्हाच सांगतो, आणि इ.स. ७० मध्ये सेनापती तीताच्या रोमी सैन्यानं ते घडवलं. पण रडून झाल्यावर तो शहराबाहेर मांडव घालून बसला नाही. तो आत गेला, आणि काही दिवसांनी त्याच शहराच्या वेशीबाहेर वधस्तंभावर मेला. न्याय आणि दया ख्रिस्ती विश्वासात एकत्र येतात त्या तिथं.

म्हणून २६ जानेवारीचा तास असा घ्या. सुरुवातीला दहा-बारा मिनिटं योनाचं पुस्तक मोठ्यानं वाचा, पूर्ण. चार अध्याय, ४८ वचनं. चार जणांत वाटून द्या, एखादा अध्याय शाळकरी मुलाला द्या. त्यावर प्रवचन नको. वाचून झाल्यावर तीन मिनिटं गप्प बसा. घड्याळ लावून बसा, कारण नवख्या गटाला एका मिनिटातच कुणीतरी गाणं सुरू करावंसं वाटतं.

मग पंधरा मिनिटं पापकबुलीची. इथं सगळ्यात जास्त बिघडतं. लोक "हे प्रभू, या देशातल्या लोकांना क्षमा कर" असं सुरू करतात आणि पाच मिनिटांत ते राजकारणावर येतात. हे टाळायला दानीएल ९:४-१९ समोर ठेवा. दानीएलाच्या नावावर पुस्तकात एकही दोष नाही, तरी तो "आम्ही पाप केलं" असं पुन्हा पुन्हा म्हणतो, स्वतःला बाजूला काढत नाही. नियम सांगून टाका: या पंधरा मिनिटांत प्रत्येक वाक्य "आम्ही"नं सुरू होईल, आणि आमोसासारखं नेमकं असेल. "आम्ही पापी आहोत" हे पुरेसं नाही. "आम्ही घरकामाच्या बाईचा पगार महिनाभर अडकवला", "आम्ही मंडळीतही जात बघून सोयरीक जुळवतो", "आम्ही नाल्यावर ओटा वाढवला" हे नेमकं आहे. पहिलं वाक्य तुम्ही स्वतः बोला, आणि ते खरोखर तुमचं असू द्या. तसं झालं तर बाकीचे धजावतील.

पुढची वीस मिनिटं मध्यस्थीची. १ तीमथ्य २:१-४ वाचा. राजे आणि सगळे अधिकारी यांच्यासाठी प्रार्थना करा असं तिथं सांगितलं आहे, आणि ते रोमी सम्राटांच्या काळात लिहिलं आहे. सत्ता आपल्या आवडीची असो वा नसो. अब्राहामाची पद्धत घ्या, उत्पत्ती १८:२२-३३. सदोमासाठी तो पन्नासपासून सुरू करतो: पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. सहा वेळा मागतो आणि सहाही वेळा देव ऐकतो. सदोमाच्या पापाची यादी यहेज्केल १६:४९ मध्ये गर्व, भरलेलं पोट, निश्चिंतपणा आणि गरिबाला हात न देणं इथूनच सुरू होते, तरी अब्राहाम त्या शहरासाठी घासाघीस करतो. तुम्हीही वस्तीवस्तीचं नाव घेऊन मागा. "देशाला आशीर्वाद दे" ही प्रार्थना कुठंच पोचल्यासारखी वाटत नाही, कारण ती कुठूनच निघत नाही. मेयो हॉस्पिटलमधल्या रुग्णांसाठी, सेंट्रल जेलमधल्या कैद्यांसाठी, विदर्भातल्या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी, आपल्याला आवडत नाही त्या पुढाऱ्यासाठी. यिर्मया २९:७ ची आज्ञा तर कैद करून बाबेलला नेलेल्या लोकांना होती: ज्या नगरात मी तुम्हांला पाठवलं त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

कुणी उठून शत्रूंवर अग्नी पडावा अशी प्रार्थना सुरू केली तर? स्तोत्रांत कडक शापप्रार्थना आहेत, स्तोत्र १३७ त्यातलंच. त्या चिरडल्या गेलेल्यांच्या तोंडच्या आहेत, आणि सूड स्वतः न घेता देवाच्या हाती सोपवणं हे त्यांचं काम. त्या रडणाऱ्याला गप्प करू नका. पण सुरक्षित बसून दुसऱ्याच्या गावावर आग मागणं वेगळं. लूक ९:५४-५६ मध्ये येशूचे शिष्य याकोब आणि योहान, त्याला थारा न देणाऱ्या शोमरोनी गावाबद्दल तेच मागतात, येशू वळून त्यांना दटावतो, आणि ते दुसऱ्या गावाला जातात. तुम्ही शांतपणे म्हणा, "आता आपण लूक ९ वाचू." एवढ्यानं भागतं.

शेवटची दहा मिनिटं यशया १९:२३-२५ ला द्या. मिसर (इजिप्त) आणि अश्शूर, इस्राएलाचे दोन जुने वैरी. त्यांच्यामध्ये रस्ता होईल, आणि देव म्हणेल: धन्य माझे लोक मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर आणि माझं वतन इस्राएल. इस्राएलाला दिलेली लाडकी नावं वैऱ्यांना वाटून दिली आहेत. त्यावर उपकारस्तुती करा आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठा. स्पीकर लावूच नका. खोलीत आवाज पुरतो.

राहिले वक्ते. त्यांच्याबद्दल मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही लिहू नका. मत्तय १८:१५ आधी एकट्यानं एकट्याला भेटायला सांगतं. फोन करा, किंवा पाळकांमार्फत वेळ घ्या. तीन प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. त्या पुराचा न्याय ज्यांच्यावर आला असं तुम्ही म्हणता, त्यांच्यावरचा नेमका आरोप कोणता, आणि आमोसाच्या यादीत तो कुठं बसतो? यिर्मया १८ सारखं परत फिरायचं दार तुम्ही त्यांना कुठं दाखवलं? आणि त्या वस्तीसाठी तुम्ही अब्राहामासारखं किती वेळा मागितलं? ते चिडले तरी आवाज चढवू नका, मावशींनी नळावर काय विचारलं तेवढं सांगा. त्यांनी ऐकलं तर पुन्हा त्याच अंगणात बोलवा, आणि या वेळी मावशींनाही खुर्ची द्या. नाही ऐकलं तर दुसऱ्या खेपेला एकट्या जाऊ नका, पुढचंच वचन एकदोघांना सोबत न्यायला सांगतं.